कोमट पोती

विश्राम शिगवणने एकवीस वर्षांत हजारो मालांना वर्ग दिले. आम्लाची पिंपं, रंगाचे डबे, फवारणीची औषधं, बोटींतून उपसलेलं जुनं तेल. प्रत्येक वेळी झाकण उघडून, नमुना काढून, शंका आली तर पुन्हा काढून. फक्त एका मालाला त्याने एकदाही न बघता सही दिली होती. तो माल त्याच्या बायकोचा होता.

यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नाही. दोन हजार अडतीस सालच्या जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला, ते त्याला आत्याबाईने दाखवून दिलं.

आत्याबाई म्हणजे डेपोच्या फाटकातलं यंत्र. खाडीकाठच्या त्या डेपोतून आसपासच्या कारखान्यांचा माल ट्रकांत भरून देशभर जायचा. दीड वर्षापूर्वी फाटकावर ही नवी कमान बसली. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं. पण ती प्रत्येक पोत्याला, पेटीला, पिंपाला नळी लावून हुंगायची आणि आत काय शिजतंय ते सगळ्यांदेखत सांगायची, म्हणून हमालांनी पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं उरकलं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात नाक खुपसणारी एक आत्या प्रत्येकाच्या घरात असतेच.

विश्रामचं काम समजायला सोपं होतं. धोक्याच्या मालाचे जगभर नऊ वर्ग ठरलेले आहेत. पहिला स्फोटकांचा, दुसरा वायूंचा, तिसरा पेट घेणाऱ्या द्रवांचा, असं करत आठवा कातडी जाळणाऱ्या आम्लांचा. नववा कुठेच न बसणाऱ्या, पण लक्ष ठेवलेलं बरं अशा मालाचा. वर्ग ठरला की बाकीचं ठरतं. पिंप कसलं घ्यायचं, ट्रकवर कोणती पाटी लावायची, शेजारी काय ठेवायचं नाही, आग लागली तर पाणी मारायचं की वाळू टाकायची. आग विझवायला आलेला माणूस आधी पाटी वाचतो. पाटी चुकीची असेल तर तो मरतो. विश्राम नव्याने आलेल्या माणसांना पहिल्या दिवशी एवढंच सांगायचा.

आत्याबाईने त्यात एक भर घातली. जुन्या पद्धतीत माल आज काय आहे तेवढं कळायचं. पण माल बदलत असतो. तेल खवट होतं, पावडर ओल धरते, बॅटरी आतून फुगते. असं काही सुरू झालं की ते तापण्याच्या बरंच आधी त्यातून बारीक वायू सुटू लागतात. माणसाच्या नाकाला ते कळत नाहीत. आत्याबाईच्या नळीत बाराशे संवेदक होते. ते त्या वायूंचं प्रमाण मोजायचे आणि त्यावरून ती पुढचं गणित मांडायची. हा माल तीन दिवसांनी असा होईल, पाच दिवसांनी असा, वाटेत ऊन लागलं तर असा. आजचा वर्ग तर ती सांगायचीच, उद्याचाही सांगायची.

लोकांना हा उद्याचा वर्ग पचायला वेळ लागला. कुणाच्या लोणच्याची बरणी परत आली, कारण ती गुरुवारी दुपारी झाकण उडवणार होती. एका रुखवताच्या पेटीत कापूर, अत्तर आणि नखांचा रंग एकत्र भरला होता. ती अडली तेव्हा मुलीची आई फाटकातच बसून राहिली. "लग्न परवावर आलंय आणि तुमची ही बया माझ्या पेटीला स्फोटक म्हणते!" चहाच्या टपरीवर ट्रकवाले एकमेकांना विचारायचे, "तुझा कितवा? आणि उद्या कितवा होणार?"

विश्रामला मात्र ते यंत्र आवडलं. ते बरोबर सांगायचं. त्याच्या वयाचे इतर तपासनीस त्यावर चिडून होते, पण विश्राम सकाळी आला की कमानीखालची धूळ स्वतः पुसायचा.

तर त्या मंगळवारी बंदरावरच्या शेडमधून मासळीखताची सहा मोठी पोती आली. एकेक अर्ध्या टनाचं. जायची होती होसूरच्या गुलाबाच्या बागांना. आजवर हा माल विश्रामच्या सहीवर कमान टाळून थेट ट्रकात चढायचा; त्या आठवड्यापासून सगळाच माल कमानीखालून न्यायचा हुकूम आला होता.

बारा वर्षांपूर्वी विश्रामच्या बायकोने, सरोजने, ती शेड सुरू केली होती. बोटवाले जी बारीक मासळी फेकून देतात ती आणायची, वाळवायची, कुटायची आणि खत म्हणून विकायची. सरोज धरून चौदा बायका होत्या. दीड वर्षापूर्वी आषाढात सरोज गेली. अठरा दिवस ताप होता, एकोणिसाव्या दिवशी नव्हता, ती पण नव्हती. तेव्हापासून शेड तिची मैत्रीण हमीदा मुकादम बघायची.

आत्याबाईची नळी पहिल्या पोत्यात गेली. कमानीवरचा दिवा तांबडा झाला आणि ती तिच्या सरळ आवाजात म्हणाली, "वर्ग चार, भाग दोन. आपोआप तापणारा पदार्थ. आतलं तापमान त्रेचाळीस. चौथ्या दिवशी पेट घेईल."

विश्राम हसला. "केतकी, हिला आज सर्दी झालीय काय गं? मासळी आहे ती."

केतकी यंत्राची देखभाल करणारी इंजिनिअर. सत्तावीस वर्षांची, डेपोतल्या सगळ्यांना काका, मामा म्हणणारी. तिने नळी पुसली आणि दुसऱ्या पोत्यात घातली. तांबडा. तिसऱ्या पोत्यात. तांबडा.

"काका, हा काकूंचा माल ना?" हमालांचा म्होरक्या हळूच म्हणाला. "शेरा मारा आणि सोडा. घरचं आहे."

विश्रामने पोत्याचं तोंड सोडलं, बाही वर केली आणि हात खांद्यापर्यंत आत घातला. वरचा थर गार होता. कोपराशी कोमट लागलं. बोटांच्या टोकांना चांगलंच गरम लागलं तसा त्याने हात बाहेर ओढला.

"उतरवा सगळी," तो म्हणाला. "मोकळ्या पटांगणात न्या. पातळ पसरा, वीतभरसुद्धा थर नको. आणि वाळू आणून ठेवा."

"काका..."

"उतरवा म्हणतो ना!"

एका पोत्याचा नमुना काढून त्याने प्रयोगशाळेत नेला. आपोआप तापणाऱ्या मालाची जुनी चाचणी साधी असते. तारेच्या जाळीचा दहा सेंटिमीटरचा चौकोनी डबा माल भरून भट्टीत ठेवायचा, भट्टी एकशे चाळीस अंशांवर चोवीस तास. माल भट्टीइतकाच तापला तर ठीक. त्याने आतून स्वतःची उष्णता काढली आणि दोनशेच्या वर गेला, तर तो नापास. विश्रामने डबा आत ठेवला, दार लावलं, वेळ लिहिली आणि स्कूटर काढून बंदराकडे निघाला.

शेडवर तो पहिल्यांदाच जात होता. बारा वर्षांत एकदाही गेला नव्हता. वास सहन होत नाही, हे कारण. सरोज रोज दारातच साडी बदलून, अंघोळ करून मग घरात यायची.

शेडमध्ये बायका जमिनीवर बसून मासळी निवडत होत्या. मागच्या भिंतीशी भरलेली मोठी पोती रांगेने उभी होती आणि प्रत्येक पोत्यावर एक मांजर निजलेलं होतं. दोन बायका पोत्यांना पाठ टेकून चहा पीत होत्या.

"अगोबाई! भाऊ!" हमीदा उठली. पन्नाशीची, उंच, हातभर बांगड्या. "या या. रस्ता चुकलात काय?"

"हमीदा, ही पोती अशीच गरम असतात?"

"गरम कुठं, कोमट. थंडीत बरं वाटतं. मांजरं तर हलत नाहीत बघा. खत शिजतंय म्हणजे चांगलं. शेणखताचा उकिरडा नाही का तापत? तापला की समजायचं, उतरलं चांगलं."

"आणि छोट्या पिशव्या?"

"त्या नाही तापत. म्हणून तर आम्हाला वाटायचं, मोठ्या पोत्यातलं जास्त चांगलं मुरतं."

विश्राम खाली बसला. बसायला काही नव्हतं, एका उलट्या टोपलीवर बसला. त्याला जे समजावून सांगायचं होतं ते त्याने त्यांच्या भाषेत सांगितलं. मासळीच्या तेलाला हवेतला प्राणवायू फार लागतो. तो घेतला की तेल थोडं तापतं. पाच किलोच्या पिशवीत ती ऊब बाहेर निघून जाते. एक वाटी भात ताटात पटकन निवतो, पण हंडाभर भात मध्यभागी दुपारपर्यंत वाफाळत असतो. अर्ध्या टनाच्या पोत्यात ऊब निघायला वाट नाही. ऊब वाढली की तेल आणखी प्राणवायू ओढतं, आणखी तापतं. शेणखताच्या ढिगात जंतू तापवतात, ते सत्तरच्या आसपास मरतात आणि ढीग थांबतो. हे थांबत नाही. आजवरची पोती वेळेत पोचून रिकामी झाली म्हणून वाचली; ही चार दिवसांनी ट्रकमध्ये, ताडपत्रीखाली, घाटात कुठेतरी पेटली असती.

"ही भिंतीशी उभी पोतीसुद्धा आजच ओतून पातळ पसरा," तो म्हणाला. पोत्याला टेकलेल्या दोघी हळूच पुढे सरकल्या. मांजरं तशीच होती.

"माल तुम्ही थांबवलात?" हमीदाने विचारलं.

"थांबवला."

"होसूरवाल्यांना आम्ही काय सांगायचं?"

"सांगा की मोठी पोती भरायला नको होती. कुणी सुचवलं हे मोठ्या पोत्याचं?"

हमीदा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचा आवाज चढला. "कुणी म्हणजे? तुम्हीच तर सांगितलंत!"

"मी?"

"सरोजनं विचारलं नव्हतं तुम्हाला? दोन वर्षांमागं, होसूरची मागणी आली तेव्हा? पिशव्या सोडून मोठी पोती भरली तर चालतील का म्हणून? आम्ही थांबून राहिलो होतो. मी म्हटलं, भरू या गं, ती म्हणे, नाही, घरी विचारते, आमच्याकडे माणूस आहे त्यातला. दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, ह्यांनी सांगितलंय, चालतंय. ह्यांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. आता तुम्ही विचारता, कुणी सुचवलं!"

"हमीदा, जाऊ दे गं," कोपऱ्यातून सुगंधा मयेकर म्हणाली. ती सगळ्यांत म्हातारी होती. जन्मभर मासळीत काम आणि नाव सुगंधा, यावरून बारा वर्षं तिची थट्टा चालली होती आणि तिला ती आवडायची. "माणूस दुखात आहे."

"दुखात आम्हीपण आहोत!" हमीदा म्हणाली आणि पाठ फिरवून मासळी निवडायला बसली.

विश्रामला आठवलं. आठवायला वेळ लागला नाही, हेच वाईट होतं. रविवार होता. तो क्रिकेटची मॅच बघत होता. सरोज चहा घेऊन आली आणि तिने विचारलं. तो म्हणाला, "चालेल की. मासळीच तर आहे." ती म्हणाली, "एकदा येऊन बघून सांगता का?" तो म्हणाला, "बघायचं काय त्यात." तिने कप उचलला आणि ती आत गेली. एवढंच. दोन मिनिटांचं काम.

लोकांपुढे तो म्हणायचा की बायकोवर माझा पूर्ण विश्वास आहे, मी तिच्या कागदावर डोळे मिटून सही करतो. बंदरावरून परत येताना स्कूटरवर त्याला कळलं की तो विश्वास नव्हता. विश्वास असता तर तिचा प्रश्न त्याने खरा प्रश्न म्हणून ऐकला असता. एवढ्या वर्षांत तिने त्याला कामाबद्दल विचारलेला तो एकच प्रश्न होता, आणि चांगला होता. एखाद्या कारखान्याच्या केमिस्टने विचारला असता तर विश्रामने दोन दिवस चाचण्या केल्या असत्या.

बुधवारी सकाळी भट्टीचा कागद आला. चौदाव्या तासाला मालाचं तापमान दोनशेच्या वर गेलं होतं. सतराव्या तासाला तीनशे दहा. डब्यात राख होती.

डेपोचे मॅनेजर खेडेकर यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांचं नीट पार पडावं असं त्यांना वाटायचं, त्यामुळे काही गोष्टी त्यांना दिसायच्या नाहीत.

"बसा शिगवण. चहा सांगितलाय. हे बघा, चुकीच्या वर्गाचा माल आजवर गेला, त्याची नोंद करावी लागणार. फॉर्ममध्ये दोन चौकटी आहेत. माल देणाऱ्याने चुकीची माहिती दिली, ही एक. वर्ग देणाऱ्याने चूक केली, ही दुसरी. पहिलीत खूण करा."

"माल देणारी म्हणजे सरोज."

"हो, पण त्या आता नाहीत ना. त्यांना कोण नोटीस पाठवणार? आणि मोठ्या पोत्यांच्या मूळ निवेदनावर सही त्यांचीच आहे. खोटं काही लिहायचं नाहीये."

"शेडचं काय होईल?"

खेडेकरांनी हात पसरले. "परवाना तीन वर्षं बंद. नियम आहे. पण बायका काय, दुसरं काहीतरी काढतील. कोलंबी सोलतील. तुमचं बघा ना. दुसऱ्या चौकटीत खूण केलीत तर सहीचा अधिकार जाईल. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. एकवीस वर्षांत एक डाग नाही. शेवटी शेवटी कशाला?"

"तिने मला विचारलं होतं, साहेब. मोठी पोती भरू का म्हणून."

"कुणी ऐकलंय?"

"मी."

खेडेकरांनी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. चहा आला. दोघांनी तो प्यायला.

फॉर्म घेऊन विश्राम आपल्या टेबलाशी आला. घरी सरोजचा फोटो होता, हार होता, तिच्या साड्या अजून कपाटात होत्या. दीड वर्षात त्याने तिच्यासाठी पुष्कळ काही केलं असं त्याला वाटत होतं. वर्षश्राद्धाला गाव जेवला होता. पण पहिल्या चौकटीत खूण केली, तर तिच्या नावापुढे कायमचं लिहिलं जाणार होतं की या बाईने खोटी माहिती दिली. आणि खाली सही त्याची. तिने तर विचारलं होतं. उत्तर येईपर्यंत पोतं भरायची थांबली होती. नियमाप्रमाणे वागलेली त्या सगळ्या प्रकरणात ती एकटीच होती.

त्याने दुसऱ्या चौकटीत खूण केली. खाली कारण लिहायला तीन ओळी होत्या. त्याने लिहिलं : 'माल देणाऱ्या श्रीमती सरोज शिगवण यांनी पोत्याचा आकार वाढवण्यापूर्वी माझा सल्ला विचारला होता. मी माल न पाहता, चाचणी न करता होकार दिला. शेडला मी त्यापूर्वी एकदाही भेट दिली नव्हती.'

तीन ओळी भरल्या. त्याला हलकं वाटलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सहीचा अधिकार सहा महिने बंद. शेडचा परवाना कायम, पण मोठी पोती तपासून नवा वर्ग मिळेपर्यंत पाठवायची नाहीत. विश्रामने शिल्लक रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता शेडवर जाऊन उभा राहिला.

"आज परत काय थांबवायला आलात?" हमीदाने विचारलं.

"काम आहे का काही?"

हमीदाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, पॉलिशचे बूट. मग तिने कोपऱ्यातलं फावडं दाखवलं.

पहिले चार दिवस त्याला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी सुगंधाने स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याच्यापुढे ठेवली. "वासाचं काय घेऊन बसलात. हा वास जात नाही. तुम्ही जाता की तो जातो, बघायचं." विश्रामने भाकरी खाल्ली. नंतर तो वास कधी गेला ते त्याला कळलं नाही.

खरं काम फेब्रुवारीत सुरू झालं आणि ते केतकीमुळे झालं. एका रविवारी ती सहज शेडवर आली होती. विश्राम तिला सांगत होता की तेलाचं खवट होणं थांबवणारं काहीतरी खतात मिसळायला हवं. कारखान्यात तयार रसायनं मिळतात, पण गुलाबवाले रसायन घातलेलं खत घेत नाहीत. स्वयंपाकघरातलं काही चालेल का बघायचं, तर एकेका मिश्रणाला भट्टीत चोवीस तास. पन्नास मिश्रणं म्हणजे पन्नास दिवस.

"काका, आत्याबाईला अकरा मिनिटं लागतात," केतकी म्हणाली.

विश्राम तिच्याकडे बघतच राहिला. दीड वर्ष ते यंत्र त्याच्यासमोर उभं होतं. ते माल अडवतं, एवढंच त्याने बघितलं होतं. उद्या काय होणार हे ज्याला सांगता येतं, त्याच्याकडून काय केलं तर ते होणार नाही, हेही विचारता येतं. हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

खेडेकरांनी रविवारी फाटक बंद असताना यंत्र वापरायला परवानगी दिली. त्यांनाही बरं वाटलं असावं. पुढच्या रविवारी तेरा बायका डबे, पातेली, बरण्या घेऊन टेम्पोतून डेपोत उतरल्या. प्रत्येकीने घरून काहीतरी आणलं होतं. केतकीने रांग लावली.

हळद घातलेलं खत आधी गेलं. "वर्ग चार, भाग दोन. सहाव्या दिवशी पेट घेईल."

"दोन दिवस वाढवले की गं हळदीनं!" एक ओरडली.

कोकमाची सालं. सातवा दिवस. चहाचा चोथा. चोथा ओला होता, त्यामुळे तिसरा दिवस. ज्या बाईने तो आणला होता तिला सगळ्यांनी इतकं चिडवलं की ती शेवटी म्हणाली, "माझ्या सासूनेसुद्धा माझ्या चहाला एवढी नावं ठेवली नव्हती!"

लवंगेची पूड गेली आणि दिवा हिरवा झाला. पेट घेणार नाही. टाळ्या पडल्या. मग हमीदा म्हणाली, "एका पोत्याला केवढी लवंग लागेल, माहीत आहे? ते खत गुलाबाला नाही, सोनाराच्या दुकानात ठेवावं लागेल." टाळ्या थांबल्या.

"लवंगेत जे तेल असतं," केतकी विचार करत म्हणाली, "ते प्राणवायूला आधी स्वतः पकडतं. मासळीच्या तेलाची पाळीच येऊ देत नाही. तेच तेल दुसऱ्या कशात तरी असतं. दालचिनीत थोडं..."

"सालीत की पाल्यात?" सुगंधाने विचारलं.

केतकीने फोनवर शोधलं. "पाल्यात! सालीपेक्षा पाल्यात कितीतरी जास्त."

"मग मघापासून मला का नाही विचारलंत? माझ्या परड्यात दालचिनीची नऊ झाडं आहेत. साल व्यापारी नेतो, पाला मी चुलीत घालते. पाला चावला की लवंगच चावल्यासारखी लागते."

टेम्पो पाला आणायला गेला. तोवर सगळ्यांनी फाटकातच डबे उघडून जेवून घेतलं. पाला वाळलेला होता, कुटला, चाळला, खतात मिसळला. दिवा पिवळा झाला. आत्याबाई म्हणाली, "वर्ग नऊ. बाराव्या दिवसापर्यंत स्थिर. त्यानंतर तपासणी आवश्यक."

पाल्याचं प्रमाण वाढवत, पोत्यात भरण्याआधी माल किती दिवस पातळ पसरून हवेवर ठेवायचा ते ठरवत, पुढचे सहा रविवार गेले. शेवटी ठरलं. शंभर किलोला दोन किलो पाला, आणि तीन आठवडे पसरून, रोज एकदा फावड्याने परतून. मग विश्रामने पुन्हा जाळीचा डबा भट्टीत ठेवून घेतला. जुन्या चाचणीनेही होकार दिला. चोवीस तास, एकशे सेहेचाळीसच्या वर नाही.

त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना त्याच्या मनात आलं की हे सरोजला सांगायला हवं होतं. रोजच येत होतं. पण पहिल्यांदाच सांगण्यासारखं काही होतं.

परतण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. सकाळी शेडमागच्या सिमेंटच्या खळ्यावर मासळीखत पसरलेलं असायचं आणि तो एका टोकापासून फावडं मारत दुसऱ्या टोकाला जायचा. बायकांनी त्याच्या मापाचा एप्रन शिवला. हमीदा अजून भाऊ म्हणायची, पण आता हाक मारून कामं सांगायची, आणि एकदा बोलता बोलता म्हणाली, "सरोज म्हणायची, ह्यांना एकदा इथं आणलं ना, तर जाणार नाहीत. मी म्हणायची, काय पण सांगतेस." विश्रामने फावडं थोडं जोरात मारलं.

मे महिन्यात नव्या वर्गाची तपासणी करायला दुसऱ्या जिल्ह्यातून एक तपासनीस बाई आल्या. नाव निलोफर इनामदार, वय चाळिशीचं, सोबत हातात धरायचं लहान हुंगणारं यंत्र, आत्याबाईचंच धाकटं भावंड. बाहेर होसूरचा ट्रक उभा होता. त्यावर काळ्या उभ्या पट्ट्यांची नऊ नंबरची पाटी सुगंधाने सकाळीच पुसून चकचकीत केली होती. "आपल्या ट्रकला पाटी!" ती येईल त्याला सांगत होती. "आता पोलीससुद्धा बाजूला होईल."

इनामदारबाईंनी सगळं बघितलं. पाल्याची कोठी, चाळण, खळं, तारखांची वही. कुणी काही सांगितलं तर मान हलवायच्या आणि पुन्हा स्वतः बघायच्या. विश्राम मागे हात बांधून उभा होता. त्याला ते बघायला आवडत होतं.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"हे आमच्या शेडचेच," हमीदा म्हणाली. "परतायचं काम बघतात."

बाईंनी सहा पोत्यांत नळी घातली. पाच ठीक निघाली. सहाव्याला त्या थांबल्या, दुसऱ्या बाजूने नळी घातली, मग तळातून. "हे नाही जायचं. मध्यभागी साडेतीन अंश जास्त आहे. नीट वाळलेलं नाही."

"साडेतीन अंश?" हमीदा पुढे आली. "बाई, वर्ग नऊच आहे ना? ट्रक दारात आहे! आमच्या भाऊंना विचारा, त्यांची एकवीस वर्षं या कामात गेलीत. भाऊ, सांगा जरा."

तेरा बायका विश्रामकडे बघू लागल्या. इनामदारबाईही बघू लागल्या.

विश्रामने जाऊन पोत्याचं तोंड सोडलं आणि हात आत घातला, खांद्यापर्यंत. मध्यापर्यंत पोचला, थोडा वेळ तसाच राहिला.

"बाईंचं बरोबर आहे," तो म्हणाला. "हा माझ्याच हातचा माल. खळ्याच्या कोपऱ्यात पेरूची सावली येते दुपारी, तिथला असणार. पाच पाठवा."

"अहो पण भाऊ..."

"पाच."

त्याने पोत्याचं एक टोक धरलं आणि खळ्याकडे ओढायला लागला. अर्धा टन माल एकट्याने हलणारा नव्हता. पोतं जागचं हललं नाही तेव्हा सुगंधा म्हणाली, "एकवीस वर्षं नुसत्या सह्याच केल्या वाटतं!" आणि सगळ्या हसल्या. हमीदा हसली नाही. तिने बांगड्या मागे सारल्या, पोत्याचं दुसरं टोक धरलं, आणि त्याला, आत्याबाईला आणि पेरूच्या झाडाला एकत्र शिव्या देत जोर लावला. मग बाकीच्याही फावडी घेऊन आल्या.